वारसाचा रकाना

आमच्या ह्यांचा धंदा पाडायचा. सरकारनं कधीकाळी बांधलेल्या आणि आता गळायला, झुकायला लागलेल्या पाण्याच्या उंच टाक्या पाडायची कंत्राटं हे घेतात. स्वतः वर चढतात आणि वरून खाली, तुकड्या-तुकड्यानं टाकी उतरवतात. हाताखाली आठ गडी. बहुतेक मेंढरांमागं डोंगर चढत मोठे झालेले, त्यांना उंचीचं काही वाटत नाही. मला वाटतं, म्हणून मी खाली बसून कागद करते. मी वाईची, बीकॉम. लग्न होऊन कवठे महांकाळच्या बाजूला आले ती दागिने थोडे आणि अक्षर सुरेख घेऊन, असं मी लोकांना सांगते. कुणी विचारलेलं नसतं.

मागल्या उन्हाळ्यात औंधाकडच्या एका गावातली टाकी पाडायचं काम आम्हाला लागलं. टाकी शाळेला अगदी लागून, म्हणून अटी फार. कमरेचे पट्टे, हेल्मेट, खाली जाळी, शाळेला सुट्टी असतानाच काम, आणि वर चढणाऱ्या प्रत्येकाचा विमा. पूर्वी विम्याच्या कागदावर ‘मजूर आठ’ एवढं लिहिलं की भागायचं. आता माणसागणिक वेगळा फॉर्म. नाव, वय आणि शेवटच्या रकान्यात वारसाचं नाव व नातं. शुक्रवारी दुपारपर्यंत फॉर्म एजंटाकडे पोचले नाहीत तर काम दुसऱ्याच्या हातात जाणार होतं.

गुरुवारी सकाळी आठही गडी आमच्या सोप्यात येऊन बसले. मी चष्मा लावून पहिल्याला विचारलं, ‘‘वारस कोण?’’

‘‘आईचं लिव्हा वैनी.’’

‘‘आई सत्तरीची. बायको आहे की तुला.’’

‘‘हाय. पर आईचंच लिव्हा.’’

दुसऱ्यानं भावाचं नाव सांगितलं, तिसऱ्यानं मामाचं. चौथा हळूच म्हणाला, ‘‘मेंढरांच्या नावानं हुतंय का?’’ सगळे हसले, पण बायकोचं नाव कुणी घेईना. शेवटी त्यांच्यातला म्हातारा गडी म्हणाला, ‘‘आवं वैनी, त्या रकान्यात बायकूचं नाव लिव्हायचं म्हंजी जित्तेपनी तिचं कुक्कू पुसायचं. हात धजत न्हाई.’’

मग मला चेव आला. मी चांगलं अर्धा तास भाषण केलं. कागद कुणाला मारत नसतो, शाईत काही नसतं, पोरंबाळं तिच्याच पदरात राहणार ना, शिकल्यासवरल्या माणसांनी असं बोलू नये. ‘‘आमी कुटं शिकलोय?’’ असं एकजण म्हणाला, त्यालाही मी गप्प केलं. दुपारपर्यंत आठ फॉर्मवर आठ बायकांची नावं माझ्या सुरेख अक्षरात उतरली. मी चहा केला, स्वतःला दोन बिस्किटं जास्त घेतली.

नववा फॉर्म ह्यांचा. तो ह्यांनी स्वतःच भरून कपाटावर ठेवला होता. गठ्ठा नीट लावताना वारसाच्या रकान्याकडे नजर गेली. तिथं माझ्या जाऊबाईंचं नाव होतं.

आमच्या आक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. त्या नवरी होऊन आल्या तेव्हा हे आठ वर्षांचे होते, आईविना. आक्कांनीच ह्यांना वाढवलं. थोरले दीर अशाच टाक्या बांधायच्या कामावर होते आणि एक दिवस परांचीवरून म्हणजे बांबूच्या माचावरून पडून गेले. हे सगळं मला ठाऊक आहे, मान्य आहे, चार बायकांत मी ते डोळे ओले करून सांगतेसुद्धा. पण घरी आल्यावर हे चप्पल काढता काढता ‘‘वैनी कुठाय?’’ असं विचारतात, तेव्हा माझ्या हातातलं भांडं जरा जोरात खाली ठेवलं जातं. भाकरी आक्कांची मऊ, आमटी आक्कांची खमंग, ताप आला की कपाळावर हात आक्कांचा. वीस वर्षं मी हे गिळलं. पण सरकारी कामाच्या फॉर्मवरसुद्धा आक्का?

पट्टे मोजत बसलेल्या ह्यांच्यापुढं मी कागद धरला. ‘‘हे काय?’’

‘‘वैनीचं नाव लिव्हलंय.’’

‘‘दिसतंय मला. का?’’

‘‘तिला कोन हाय?’’

‘‘आणि मला?’’

‘‘तुला मी हाय की.’’

‘‘अहो, तुम्ही नसल्यावरचाच कागद आहे ना हा!’’

ह्यांनी डोकं खाजवलं. ‘‘व्हय, ते बी हाय,’’ म्हणाले. ‘‘मग कर तुला कसं वाटतंय तसं,’’ आणि दोरखंड बघायला मागच्या दारी निघून गेले. एवढा सोपा विजय मला अजिबात आवडला नाही. भांडायला आणखी चार वाक्यं तयार होती.

शुक्रवारी सकाळी नवा फॉर्म घेऊन बसले. ह्यांचं नाव लिहिलं, वय लिहिलं. मग तो रकाना आला. माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढायला पेन टेकवलं आणि ते तिथंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. नात्याच्या जागी ‘पत्नी’ लिहायचं होतं, आणि मला दिसत होता तो ह्यांच्या फोटोला हार. आठ माणसांना अक्कल शिकवणारी बीकॉम बाई, आणि हात धजेना! पुन्हा आक्कांचंच नाव लिहावं असं मनात आलं. त्यांच्या कपाळाला आता कसली भीती, हा विचार आला आणि स्वतःचीच लाज वाटली. तरी तो आला होता, हे खोटं कशाला सांगू?

आक्का बाजरी पाखडत समोरच बसल्या होत्या. सूप थांबलं. ‘‘का गं, थांबलीस?’’

‘‘काही नाही.’’

‘‘नाव लिव्हायला भ्यालीस व्हय?’’ काल गड्यांचं बोलणं त्यांनी आतून ऐकलं होतं, आणि माझं भाषणही. मी मान डोलावली.

त्यांनी बाजरीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. ‘‘आमच्या ह्यांच्या येळंला कागदच न्हवता. कुटंबी कुनाचं नाव लिव्हलं न्हवतं. तरी गेलंच की.’’

त्या पुन्हा पाखडायला लागल्या. ‘‘लिव्ह तुजं. आनी पट्टा नीट बांदतोय का त्ये बघ. त्या कागदापरीस त्येचं ध्यान ठेव.’’

मी तिसरा फॉर्म काढला आणि माझं नाव लिहिलं. खाली आणखी एक ओळ होती, दुसऱ्या वारसाची, आणि पुढं कुणाला किती वाटा ते लिहायची जागा. मी तिथं आक्कांचं नाव घातलं. खरं सांगायचं तर आधी मनात सत्तर-तीस आलं. मग साठ-चाळीस. मग बाजरीतला तो खडा दिसला आणि निम्मं-निम्मं लिहून टाकलं. ऊर भरून आला माझा. असं मन आपल्याला देवानं दिलं म्हणून स्वतःचाच थोडा अभिमान वाटला.

‘‘आक्का, दोघींची घातली हो नावं,’’ मी सांगितलं. ‘‘निम्मं तुमचं, निम्मं माझं.’’

‘‘माजं कशाला घातलंस? मला काय करायचंय?’’ त्या म्हणाल्या. सूप दोनदा हललं आणि परत थांबलं. ‘‘वर कुनाचं हाय?’’

‘‘काय?’’

‘‘वर कुनाचं नाव हाय, तुजं का माजं?’’

मी त्यांच्याकडे बघितलं. चेहरा अगदी साधा, नजर बाजरीवर. वीस वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की चप्पल काढता काढता हे कुणाला हाक मारतात, ते त्याही कान देऊन ऐकत असतात.

‘‘तुमचंच आहे आक्का,’’ मी म्हणाले, ‘‘तुम्ही मोठ्या ना!’’

‘‘व्हय?’’ त्या म्हणाल्या आणि सूप खाली ठेवून पदराला हात पुसायला लागल्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. ‘‘आन हिकडं तो कागद.’’

एजंटाकडे पोचायला दीड तास उरला होता. कोरे फॉर्म अजून दोन शिल्लक होते. मी एक घेतला आणि पुन्हा लिहायला बसले.