दर नवव्या मण्याचा फुगवटा

कुवेतमधल्या अबू हलीफाच्या समुद्राचा दमटपणा प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच अडे. आत चंद्रहास रेगे यांची शिस्त चाले. मूळचे नाशिकचे, वय सत्तावन्न. काचेच्या छोट्या चिपमधल्या केसाएवढ्या वाटेत दोन्ही बाजूंनी तेल येई आणि मधल्या अल्जिनेटच्या, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेल्या चिकट द्रवाच्या, धारेचे सेकंदाला दहा थेंब तोडी. ते थेंब पुढे गोठून औषध साठवणारे जेलचे मणी होत. सारे मणी एका मापाचे हवेत, एवढाच रेग्यांचा आग्रह. चिपकडे जाणारी नळी हलू नये म्हणून तिच्यावर उजवे मनगट टेकवून बसण्याची त्यांची नऊ वर्षांची सवय होती.

रविवारी कडक नळी जाऊन मऊ सिलिकॉनची आली, आणि दर आठ-नऊ मण्यांमागे एक फुगीर निघू लागला. पंप बदलला, तेल पुन्हा गाळले. उपयोग झाला नाही.

विभागप्रमुख सुमेधा पुण्याची, रेग्यांच्या मुलीच्या वयाची. ती म्हणाली, "काका, मणी तुमच्यावर रुसलेत. तुम्ही चहाला गेलात की शहाण्यासारखे वागतात."

रेगे हसले नाहीत. कॅमेऱ्याच्या चित्रफितीही तेच सांगत होत्या.

त्यांनी फुगवट्यांमधला वेळ मोजला. मिनिटाला अडुसष्ट. मग डाव्या हाताची बोटे उजव्या मनगटावर ठेवून ते पडद्याकडे पाहत राहिले. बोटाखाली ठोका पडे, आणि पडद्यावर मणी फुगे. त्यांच्या अंगात जे चालले होते, ते कोणीतरी बाहेर ओळीने मांडून ठेवीत होते.

जुन्या चित्रफिती त्यांनी सावकाश पाहिल्या. सोमवारी एके ठिकाणी सलग अठरा मण्यांत एकही फुगीर नव्हता. मंगळवारी चौतीस. जवळजवळ साडेतीन सेकंद ठोकाच नव्हता. नोंदवहीनुसार त्या क्षणी ते डाव्या हाताने तापमान लिहीत होते; उजवे मनगट नळीवरच होते. अक्षर जराही हललेले नव्हते.

दोष-अहवालात 'कारण' या रकान्यापाशी त्यांचे पेन थांबले. सुमेधाने चित्रफीत पाहिली आणि खुर्ची जवळ ओढली.

"काका, 'नळीचा दोष' लिहा. पुढच्या महिन्यात तुमचा करार संपतोय. हे वरच्यांनी वाचलं तर नवा करार करणार नाहीत. डॉक्टरांकडे आपण गुपचूप जाऊ."

"नळी निर्दोष आहे," रेगे म्हणाले. "डॉक्टरांकडे आजच जाऊ."

त्यांनी लिहिले: तंत्रज्ञाच्या मनगटाची नाडी; अनियमित. खाली तारीख, वेळ, सही.

मग हात मांडीवर ठेवून त्यांनी पंप सुरू केला. मणी येऊ लागले, एकसारखे, निर्दोष. रेगे बराच वेळ पाहत राहिले. त्या रांगेत आता त्यांचा मागमूसही नव्हता, आणि मणी येतच होते.