बिघडलेल्या सीड्यांची बालवाडी

बालवाडीत चार-दोन वर्षं काढली की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. पोरांच्या खिशात खडे कधी आले ते पोरांनाही माहीत नसतं, पण चड्डी झटकली की पडतात. तसंच! परवा जुन्या मैत्रिणी जमल्या आणि एकीनं विचारलं, "तुझ्या वर्गात छताला ते काय चमकायचं गं?" मग काय, सगळा खिसाच उलटा झाला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. संगमनेरात आमची बालवाडी तळमजल्यावर आणि डोक्यावर काळे सरांचा कॉम्प्युटर क्लास. सरांनी नवाकोरा सीडी रायटर आणला होता. सीडीवर काही भरत असताना मध्येच लाईट गेली, की ती सीडी कायमची बाद. आणि लाईट काय विचारून जाते? पंखा थांबला की वरून सगळा क्लास एका सुरात ओरडायचा, "गेऽऽली!" खाली माझी पोरंही लगेच, "गेऽऽली!" काय गेली, ते त्यांना ठाऊक नाही.

एकदा जिन्यात सर भेटले. हातात बादली, बादलीत बाद सीड्या. म्हटलं, "मला द्या ना."

"अहो बाई, ह्यात काहीच नाहीये!"

"आमच्या पोरांच्या वह्यांतही काही नसतं सर. तरी तासभर वाचतात!"

बादली मिळाली.

*

आमच्या मदतनीस मथुराबाई अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या. त्यांनी आधी एकेक सीडी साबणानं धुतली, पदराला पुसली आणि उजेडात धरून बघत बसल्या.

"ताई, ह्याच्यावर काय लिवलंय?"

"लिहीत होते, तेवढ्यात लाईट गेली."

"म्हंजी अर्धं लिवलंय की! ऱ्हायलेलं आपुन करू."

मग आठवडाभर आम्ही दोघी तेच करत होतो. पुठ्ठ्याच्या शेपट्या, पतंगाच्या कागदाचे पर, उरलेल्या लोकरीचे दोर. मासे झाले, मोर झाले, चिमण्या झाल्या, फुलं झाली, आणि सगळं छताला टांगलं. मथुराबाईंचा एक मासा भलताच गुबगुबीत निघाला. मी म्हटलं, "हा एवढा कसा हो?"

"भंडारदऱ्याचा हाय त्यो. तिथं पानी लई!"

*

सकाळी सव्वादहाला खिडकीतून ऊन आत यायचं आणि सीड्यांवर पडायचं. वारा आला की भिंतींवर, फळ्यावर, पोरांच्या गालांवर रंगांचे ठिपके सरकायला लागायचे. अख्खा वर्ग पाण्याखाली गेल्यासारखा वाटायचा. भांडणं आपोआप थांबायची. रडणारं पोर रडता रडता वर बघायचं आणि पुढचं रडायचं विसरून जायचं.

एक दिवस संकेतनं रिकामा डबा उघडा धरला. ठिपका फिरत फिरत आत आला. खाडकन झाकण बंद! घरी जाईपर्यंत डबा छातीशी.

दुसऱ्या दिवशी त्याची आई दारात. "बाई, काल डब्यात काय दिलंत हो? पोरगं डबा उघडू देईना, घासू देईना!"

"मग आज खाऊ?"

त्यांनी हात पुढं केला. "हा काय, रुमालात बांधलाय!"

*

आमच्या पर्यवेक्षिका फार कडक. आल्या की आधी तक्ते मोजणार, मग रजिस्टर, मग आमची चूक. त्या दिवशी पांढरी साडी नेसून आल्या आणि नेमक्या सव्वादहाला खुर्चीत बसल्या. त्यांच्या खांद्यावर इंद्रधनुष्याचा एक तुकडा येऊन थांबला.

छोटी रेश्मा पुढं गेली आणि त्यांच्या कानात म्हणाली, "हलू नका. रंग सांडंल."

बाई हलल्या नाहीत! ऊन सरकेपर्यंत मान ताठ, हात मांडीवर, श्वाससुद्धा बेतानं. रजिस्टर तसंच मिटलेलं. जाताना शेरा लिहिला, "वर्ग शांत." आणि दारातून हळूच मला विचारलं, "रोज ह्याच वेळेला पडतं का हो?"

*

एकदा उन्हावर मोठा ढग आला. ठिपके विझले. तीसच्या तीस पोरं ओरडली, "गेऽऽली!"

जिन्यावरून काळे सर धडधडत खाली. "काय गेली? वर तर चालू आहे!"

मी म्हटलं, "सर, उन्हाची लाईट गेली."

सर चिडतील असं वाटलं. ते उंबऱ्यावर टेकले आणि ढग जाईपर्यंत आमच्यात बसून राहिले. वर त्यांचा क्लास खोळंबलेला!

*

आणि ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही.

एका सकाळी सर खाली आले ते पांढरेफटक पडून. त्यांच्या आईची एक जुनी कॅसेट होती. आई नव्हती, आवाज तेवढा राहिला होता, तिनं स्वतः रचलेली अंगाई म्हणताना. सरांनी ती सीडीवर उतरवून घेतली होती, नाव घालायचं राहिलं होतं. मधल्या काळात कॅसेटची टेप गुंतून तुटली. आणि ती सीडी टेबलावरून कुणीतरी बादलीत टाकलेली!

"बाई, त्या अंगाईत माझं नाव आहे हो," एवढंच म्हणाले.

छताला चाळीसेक सीड्या हलत होत्या. सगळ्या सारख्या. सगळ्या उतरवून एकेक लावून बघायची, एवढाच उपाय. मी स्टुलावर चढणार, तेवढ्यात सुमन उठली.

सुमन चार वर्षांची. आठ महिने झाले होते, तिनं वर्गात एक शब्द उच्चारला नव्हता. हाक मारली तर मानेनं हो किंवा नाही. ती खिडकीशी गेली, एका चिमणीखाली उभी राहिली आणि बोट वर केलं.

"ही."

तिचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. मथुराबाईंनी चिमणी उतरवली, दोऱ्यानं बांधलेले पंख अलगद सोडवले आणि सीडी सरांच्या हातात दिली. सर वर गेले.

जरा वेळानं जिन्यातून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज खाली आला. थकलेला, गोड. मध्येच "बाळू" असं नाव. पोरं हातातलं टाकून ऐकत राहिली. सर बराच वेळ खाली आले नाहीत.

मी सुमनपाशी बसले. "तुला गं कसं कळलं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, जसं काही मीच वेड्यासारखं विचारत होते.

"ती रोजच म्हनती की."