मालतीबाईंनी विचारलं म्हणून

मालतीबाई गेल्याचं कार्ड आमच्या पोस्टमननी, इब्राहिमभाईंनी आणलं. चिपळूणहून बाईंच्या बहिणीने धाडलेलं. एरवी सायकलवरूनच टपाल हातात देऊन पुढे जाणारे इब्राहिमभाई त्या दिवशी घरापुढच्या खळ्यात उभेच राहिले. "मी वाचलंय," म्हणाले, "तुम्ही बसून वाचा." असलं पत्र घरात ठेवत नाहीत, म्हणून सासूबाईंनी ते फाडलं... पण फाडून काय जातंय?

मालतीबाई आमच्या गावच्या उपकेंद्रात नर्स होत्या. रत्नागिरीपासून एसटीने दीड तासावरचं आमचं गाव, निम्मे पुरुष मुंबईत. मी बालवाडी चालवायची, त्यामुळे लस टोचायच्या दिवशी आमची गाठ पडे. सुरुवातीला बाई कामाला चोख आणि बोलायला तुटक अशाच होत्या. मग वरच्या वाडीतल्या एका तरण्या सुनेने जीव दिला. डोकं दुखतं म्हणून ती महिनाभरात तीनदा उपकेंद्रात येऊन गेली होती. "तीनदा मी गोळ्या दिल्या," बाई मला म्हणाल्या, "पण सुमन, झालंय काय, हे एकदाही विचारलं नाही गं..."

त्यानंतर बाईंनी इब्राहिमभाईंना, मला, पाणवठ्यावरच्या चार बायकांना सांगून ठेवलं. एखादं माणूस गप्प झालं, जेवेनासं झालं, आपल्या आवडीच्या वस्तू देऊन टाकायला लागलं, तर मला येऊन सांगा, गावभर बोलू नका. लोक हसले. नर्सबाई सुया सोडून उखाळ्यापाखाळ्या गोळा करतात, म्हणाले. बाईंनी मनावर घेतलं नाही.

मुंबईत गिरण्यांचा संप लांबला आणि तिथे गिरणीत कामाला असलेले माझे यजमान गावी परतले. पहिले काही महिने, गिरणीचं बोलावणं येईल म्हणून, रोज खळ्याच्या दगडी गडग्याशी उभे राहून टपालाची वाट बघायचे. मग तेही थांबलं. एक दिवस त्यांनी आपला पखवाज भजनी मंडळाला देऊन टाकला. "मला काय करायचाय आता?" मला वाटलं, थकलेत, होतील बरे.

त्याच आठवड्यात भर दुपारी बाई आल्या. रोज पत्र विचारणारा माणूस आता मान वर करत नाही, असं इब्राहिमभाईंनी त्यांना सांगितलं होतं. मी पखवाजाचं बोलले. तशा त्या ओटीवर यांच्या शेजारी जमिनीवरच बसल्या आणि सरळ विचारलं, "भाऊ, जीव द्यायचं मनात येतं का?"

मला बाईंचा भयंकर राग आला. असलं अभद्र कुणी तोंडाने विचारतं? नसलेलं डोक्यात भरवायचं? पण हे भिंतीकडे बघत म्हणाले, "येतं. रोज येतं." आणि रडायला लागले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बाई उपदेश करत बसल्या नाहीत. "आजपासून तुम्ही एकटं राहायचं नाही. आणि उद्या माझ्याबरोबर रत्नागिरीला यायचं." रत्नागिरीला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. सासूबाई कळवळल्या, "अगो बाय, लोक काय म्हणतील?"

"आई, ताप आला असता तर नेलं असतंत ना? हाही आजारच. लोकांना मी सांगते."

सकाळच्या गाडीत त्या सगळ्यांच्या देखत यांच्या शेजारी बसल्या. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. घरी भजनी मंडळाच्या पाळ्या लागल्या. रोज कुणी ना कुणी येऊन बसे, पान लावी, शेताभाताचं बोले. बरं व्हायला वर्ष गेलं. मधे दोनदा यांनी औषध सोडलं, दोन्हीदा बाईंनी पुन्हा घ्यायला लावलं. मग एका सकाळी यांनी आपणहून विचारलं, "आज मासळी काय आलीय?" मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला.

बाई निवृत्त होऊन बहिणीकडे गेल्या तेव्हा मी धास्तावले होते, आता कोण? उपकेंद्रात आलेली नवी मुलगी अजून बुजरीच आहे. पण गेल्या आठवड्यात इब्राहिमभाई सांगत आले, मोहल्ल्यातला एकजण नोकरी सुटून दुबईहून आलाय, आठ दिवस घराबाहेर पडलेला नाही. ऐकून यांनी चपला घातल्या.

"ओळख ना पाळख, जाऊन बोलणार काय?" मी म्हटलं.

"बघतो."

दिवेलागणीला परतले.

"बोलला काही?"

"नाही. पण माझ्याबरोबर चहा प्याला." पायांवर पाणी घेत हे म्हणाले, "उद्या परत जातो. नव्या नर्सबाईंनाही नेतो."