माझ्या साडूचं तेल

तेलाचा एक थेंबही न पाहता सात वर्षं त्याच्यापायी वेडा झालेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. जमिनीच्या पोटात तडे गेलेला खडक असतो, त्या खडकात तेल असतं, आणि वरून पाणी दाबलं तर त्यातलं किती बाहेर येईल, हे तो संगणकावर काढत बसायचा. यावर त्याला डॉक्टरेट हवी होती. "पाणी तड्यातून सुसाट निघून जातं हो साडूभाऊ, तेल आपलं दगडातच!" हे तो इतकं कळवळून सांगायचा, की खाली कुणी नातेवाईकच अडकलाय असं वाटावं.

तडा दिसला की त्याचं भान हरपायचं. भाकरी मोडण्याआधी तिच्यावरच्या भेगा न्याहाळायचा. एकदा गुलमंडीत आमच्या बायका साड्या बघत होत्या, तर हा दुकानदाराला गर्दी गल्लीतून कशी वाहते आणि मागची दुकानं कशी कोरडी राहतात ते समजावू लागला. दुकानदार हात जोडून म्हणाला, "साब, साडी लेना है के गल्ली मोजना है?"

तो राहायचा उस्मानपुऱ्यात, सासऱ्यांच्याच घरी, वरच्या खोलीत. सासरे, म्हणजे आम्हा दोघांचे मामा, वैजापूरला कांद्याचे व्यापारी होते. त्यांना या शिक्षणाचा थांगपत्ताच लागेना. "लई शिकलात जावईबापू, पर त्याल कुठं हाय?" असं ते रोज विचारायचे. एका पावसाळ्यात छत गळू लागलं, तर यानं गच्चीवर हळदीचं पाणी ओतलं आणि ते कुठून उतरतं हे बघत खाली तीन दिवस बसला. चौथ्या दिवशी पिवळा थेंब पडला तो मामांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर. "मामा, हलू नका!" म्हणत हा टेप घेऊन धावला. छत मात्र शेवटी गवंड्यानंच अर्ध्या तासात बुजवलं.

मग मार्गदर्शकांनी निर्वाणीचं सांगितलं : महिनाअखेर निकाल दाखवा, नाहीतर नाव काढून टाकू. हिशोब संगणकावर सलग नऊ दिवस चालायचा होता. सहाव्या दिवशी सासूबाईंनी शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर लावला आणि फ्यूज उडाला. सहा दिवस पाण्यात! साडू जिन्याच्या पायरीवर बसून राहिला, जेवायलाही उठला नाही. एरवी त्याच्या बडबडीला कावणारे मामा त्या शांततेनं घाबरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वैजापूरहून ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन आले, कुठूनसा इन्व्हर्टर मिळवला आणि मीटरखाली खुर्ची टाकून काठी घेऊन बसले. हिशोब पहिल्यापासून सुरू झाला. मिक्सर बंद, इस्त्री बंद. चटणी नऊ दिवस खलबत्त्यात.

नवव्या दिवशी दुपारी साडू जिना उतरला. मामा उठून उभे राहिले.

"निघालं का?"

"निघालं मामा. पण निम्म्याहून कमीच."

"बाकीचं?"

"दगडातच राहिलं."

"ऱ्हाऊ द्या. एवढं निघालं, लई झालं," म्हणून मामांनी डोळे पुसले आणि गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या खाला तर बरणी घेऊनच आल्या, "कौनसा तेल निकला भाई? करडी का?"

डॉक्टरेट झाली, आणि लगेच आखातातली नोकरी आली. जिथं खरंच तेल होतं, तिथं तो गेला. रविवारी सगळे ओट्यावर जमलो की त्याचा फोन येतो. हल्ली फारसं बोलत नाही. "फोन चालू ठेवून बाजूला ठेवा फक्त, तुमचं चालू द्या," म्हणतो. परवा तसा ठेवला आणि आम्ही विसरूनच गेलो. मामा भाजीवाल्याशी भांडले, सासूबाई मामांशी. तासाभरानं आठवण झाली म्हणून मी फोन कानाला लावला.

"आहे, आहे," तो हळूच म्हणाला. "भाजी घेतली का मग?"