अबंडंटची खोली

रत्नागिरीत आंबा कुठल्याच वर्षी चांगला येत नाही. मोहोर जळतो, तुडतुडे पडतात, उरलंसुरलं माकडं खातात. निदान पाहुण्यांना सांगायची पद्धत तरी हीच आहे, आणि आमचं घर पद्धतशीर आहे. (ते मी पद्धतशीर केलं आहे.)

त्यामुळे मुंबईहून विलासभावोजी, म्हणजे ह्यांचे आतेभाऊ, येणार असं कळल्यावर मी सगळ्यांना बजावलं, यंदा आंबा नाही. मागच्या खोलीत गवताच्या आढीत पिकत घातलेला हापूस पुण्याच्या गिऱ्हाइकांना कबूल झाला होता. आणि भावोजी परत जाताना इतक्या पेट्या नेतात की रिक्षात त्यांना स्वतःला बसायला जागा उरत नाही.

त्याच सुमारास आमच्या सईची नोकरीची परीक्षा तोंडावर आली होती. इंग्रजी शब्द तिच्या डोक्यात राहीनात. श्रीमंतीचे तर मुळीच नाहीत.

"अनुभव कुठाय बिचारीला," हे म्हणाले.

मी शोध घेतला. त्यातले बरेच शब्द लॅटिनमधून आलेले निघाले आणि प्रत्येकात एकेक चित्र होतं. मग मी प्रत्येक शब्दाला जागा नेमून दिली. 'अफ्लुएंट' म्हणजे आपल्याकडे वाहत येणारं, ती गच्चीवरची टाकी. 'पेक्युनिअरी' म्हणजे पैशासंबंधी, पण मुळात त्यात गुरं आहेत, म्हणून ती शेजारच्यांची कपिला. ("म्हणजे ते रोमन आपल्यातलेच की गो," असं म्हणून माझे सासरे, अप्पा, खूश झाले.) 'अबंडंट' म्हणजे लाटेसारखं उसळून काठाबाहेर जाणारं. ती अर्थात आढीची खोली.

शब्द ऐकला की अर्थ बोलायचा नाही, विचारणाऱ्याला हात धरून त्या जागी न्यायचं, हा नियम. बरोबर आलं की नारळाची एक वडी.

एकच शब्द बेघर राहिला, 'रिडंडंट'. तोही त्याच लाटेचा, पण इतकं वाहून गेलेलं की आता नकोच. माझ्या घरात बिनकामाचं काही नसतं, म्हणून तो मी बाजूला ठेवला.

सईला शब्द किती आले कोण जाणे. अप्पांना मात्र सगळे आले. डॉक्टरांनी गोड बंद केलं की माणूस लॅटिनसुद्धा शिकतो.

भावोजी आले. पडवीत चहा झाला.

"काय सांगू विलास," हे कपाळावर हात फिरवत म्हणाले, "मोहोर सगळा जळला रे. औषधाला आंबा नाही."

"अरेरे," भावोजी म्हणाले. त्यांनी ते मान्यही केलं होतं. पण मग ते सईकडे वळले. "तुझं काय चाललंय गो?"

"श्रीमंतीचे इंग्रजी शब्द पाठ करतेय काका."

"विचारू एखादा? सांग बघू, अफ्लुएंट."

सई तोंड उघडणार इतक्यात अप्पांनी भावोजींचा हात धरला आणि त्यांना अंगणात नेऊन टाकी दाखवली. परत येऊन त्यांनी माझ्यापुढे हात पसरला. मी वडी दिली.

"मामा, हे भारी आहे," भावोजींना चेव आला. "पेक्युनिअरी?"

दोघं कपिलेला भेटून आले. दुसरी वडी.

"भावोजी, आता जेवूनच घ्या," मी म्हटलं. मी खोकले. अप्पांना डोळ्यांनी खुणावलं.

"सूनबाई, डोळ्यात काय गेलं का तुझ्या?" अप्पा म्हणाले.

भावोजी आठवत होते. सुबत्तेचा आणखी कुठला शब्द बरं? मी मनात कुलदैवताला नारळ बोलले.

"हां. अबंडंट!"

अप्पा उठले. त्या वयात माणूस इतक्या चपळाईने उठतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. पाठोपाठ आम्ही सगळे धावलो, पण दार उघडून झालं होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत पिवळाधमक हापूस.

भावोजींनी एक आंबा उचलून हुंगला.

"हे..." ह्यांनी घसा साफ केला, "हे गेल्या वर्षीचे आहेत."

"छान टिकलेत," भावोजी म्हणाले.

दुपारी मी स्वतः पेट्या भरल्या. नंतर पुण्याला एकेकाला फोन करून मोहोर जळाल्याचं कळवलं. आवाज इतका खरा लागला की एका बाईंनी माझंच सांत्वन केलं.

रिक्षा आली. पेट्या चढल्या. उरलेल्या फटीत बसता बसता भावोजी म्हणाले, "वहिनी, तुमची पद्धत झकास आहे हां. सई, शेवटचा एक, रिडंडंट?"

मी हसून सांगणार होते की ह्या शब्दाला आमच्याकडे अजून जागा नेमलेली नाही.

तेवढ्यात सईने माझा डावा हात धरला. ह्यांनी उजवा. आणि दोघांनी मला रिक्षापुढे आणून उभं केलं. अप्पा मागून म्हणाले, "मलाही हेच येत होतं."

नियम म्हणजे नियम. मी आत गेले, डबा आणला आणि सगळ्यांना एकेक वडी दिली.