धारूरच्या घाटातला धूर

निवृत्तीनंतर, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, मी मोटार चालवायला शिकले. त्याआधीची सारी नोकरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाली. तिथे विद्यार्थ्यांना गप्प करणे हे माझे काम होते आणि तेही मी बहुधा भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवूनच करत असे.

शिकण्याचे कारण माजलगावला होते. माझी थोरली बहीण तिथे एकटी राहते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ती फक्त माझ्यासमोर करते. बाकी कुणी आग्रह केला की भांडते. मी केजला राहते; तिथून बसने गेले तर परतीची वेळ जुळत नसे. म्हणून एक जुनी डिझेल गाडी घेतली आणि दर रविवारी धारूरच्या घाटातून माझी ये-जा सुरू झाली.

हंगाम उसाचा होता. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला की मी निमूटपणे त्याच्या मागे लागे. हॉर्न वाजवणे मला अनोळखी माणसाला मागून दरडावण्यासारखे वाटे. मागचे लोक माझ्यावर हॉर्न वाजवत पुढे निघून जात आणि मी मनातल्या मनात त्यांची क्षमा मागे. दीड तासाच्या वाटेला मला अडीच तास लागत. हळू चालवणे म्हणजे गाडीला जपणे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

जानेवारीत गाडी उभ्या जागी थरथरू लागली. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मी तो तीन आठवडे पाहत राहिले. मग एका रविवारी, माजलगावहून परतताना, घाटाच्या चढावर पाय पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकेना आणि मागच्या आरशात नुसता काळा धूर दिसू लागला. मागून रिकाम्या ट्रॉल्या घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने डोके बाहेर काढले.

“ओ मावशी, गाडी हाय का चूल? वल्लं लाकूड घातलं का काय?”

शरमेने मी काच वर करू लागले. तोच पुढे म्हणाला, “भिऊ नका. पहिला गिअर टाका आन् चाला. म्या मागंच हाय.” संपूर्ण घाट तो माझ्या मागे, माझा धूर खात आला. धारूरला मिस्त्रीचे दुकान दाखवून, हात हलवून निघून गेला. मी गाडी तिथेच सोडली आणि बसने घरी आले.

धाकट्या भावाला फोनवर सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “ताई, विकून टाक. बीडला गिऱ्हाईक आहे माझ्या ओळखीचं. शनिवारी घेऊन येतो. या वयात घाट कशाला?”

“बघू,” मी म्हणाले. माझ्या ‘बघू’चा अर्थ आमच्या घरात होकार असाच धरला जातो. गाडी गेली तर रविवारही जाणार होता आणि बहिणीचा गुडघा पुन्हा आखडणार होता. हे मला बोलता आले नाही.

गुरुवारी मी धारूरला गेले. मिस्त्रीने एक मुठीएवढा भाग काढून फडक्यावर ठेवला होता. “हा ईजीआर व्हॉल्व्ह. इंजिनचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप. बघा, कशी गच्च झालीय.” त्याने स्क्रूड्रायव्हरने खरवडले, तशी तेलकट काजळीची ढेकळे पडली. झडप अर्धवट उघडी राहूनच अडकली होती.

“बाई, गाडी कितीनं चालवता?”

“तीस. कधी चाळीस.”

“तरीच! आवो, तुमी हिला लई जपता. जपून जपूनच घुसमटवलंय. डिझेल इंजिनला अधूनमधून दमवावं लागतंय, न्हाईतर काजळी बसतीच.”

पुढे त्याने दोन उपाय सांगितले: पत्रा लावून ती वाट कायमची बंद करणे, जे बरेच जण करतात, किंवा झडप साफ करून पुन्हा बसवणे. “पण साफ केली तर तुमाला चालवायची रीत बदलावी लागंल.”

“पत्रा लावला तर धुराचं काय होतं?”

“जास्त वंगाळ जातो. दिसत न्हाई, पण जातो.”

ट्रॉलीत संसार भरून जाणाऱ्या ऊसतोडीच्या बायका मला आठवल्या. घाटात त्यांची तोंडे माझ्या काचेपासून हातभर अंतरावर असत. “साफच करा,” मी म्हणाले.

दुपारी झडप बसवून तो शेजारच्या आसनावर येऊन बसला. “चालवा तुमी. घाट उतरून परत चढू.” चढ लागताच मी सवयीने पाय सैल केला. “सोडू नका! तिसरा राहू द्या. दाबा. अजून दाबा.” इंजिनाचा आवाज वाढला आणि मी दचकले. “वरडू द्या की तिला! कावून भेता?”

गाडी ओरडत वर चढली. आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला या, एवढे बजावून तो उतरला.

शनिवारी सकाळी मी भावाला फोन केला. “गिऱ्हाइकाला आणू नको.”

“का गं? काय झालं?”

“उद्या मला गाडी लागणार आहे.” मग तो हसला. “बरं बाई!”

रविवारी धारूरच्या अलीकडे एक उसाचा ट्रॅक्टर पुढे आला. त्याच्या मागे मी किलोमीटरभर गेले. मग समोरचा सरळ रस्ता रिकामा पाहून हॉर्न दाबला. तो इतका छोटा वाजला की मलाच जेमतेम ऐकू आला. दुसऱ्यांदा नीट दाबला. ट्रॅक्टरवाल्याने न रागावता हात बाहेर काढून पुढे जाण्याची खूण केली. इतके सोपे होते ते.

बहीण ओसरीवर बसली होती. “आज लवकर गं? गाडी बिघडलीय ना, बसने आलीस वाटतं.”

“गाडीने आले. वाटेत हॉर्न देऊन ट्रॅक्टरच्या पुढे काढली.”

तिचा विश्वास बसेना. काठी घेऊन ती उठली, पायऱ्या उतरली आणि व्यायामातही जिथवर कधी गेली नव्हती त्या फाटकापर्यंत चालत आली. गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. “पुढच्यांना हॉर्न देतेस म्हणे आता? वाजव बघू.”

मी वाजवला. शेजारची खिडकी उघडली. बहीण फाटकाला धरून हसत होती. मी पुन्हा वाजवला.