चौकशीवाले दीवानजी

दीवानजी ज्याची चौकशी करायला येत, त्याच्या दारावर सगळ्यात शेवटी थाप मारत. आधी गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याजवळ उभे राहायचे, मग किराणा दुकानात, मग समोरच्या घरी पाणी मागायचे. ज्याच्यासाठी आले तो बिचारा तोपर्यंत खिडकीच्या फटीतून बघत घाम पुसत असायचा. एकदा त्या खिडकीमागे मी होते, म्हणून हे ठाऊक.

राजस्थानात ठाण्यातल्या हवालदाराला दीवानजी म्हणतात. जयपूरच्या झोटवाडा भागातल्या आमच्या ठाण्यात दीवानजी पुष्कळ होते, पण ‘चौकशीवाले’ म्हटलं की एकच. उंच, जरा वाकलेले, मिशा पांढऱ्या, आणि आवाज इतका हळू की पोलीस बोलतोय असं वाटायचंच नाही. मोटरसायकल ते गल्लीबाहेर लावायचे आणि पायी आत यायचे. इस्त्रीवाल्याने एकदा विचारलं, तर म्हणाले, “गाड़ी अंदर लाऊँ तो पूरी गली सोचेगी किसी को उठाने आया हूँ. फिर सच कौन बताएगा?”

मी मूळची खानदेशातली, तापीकाठच्या एका गावची. नववीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली ती सुटलीच. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, रेल्वेत आहेत. त्यांची बदली जयपूरला झाली तशी ताईने मला बोलावून घेतलं. गावी आई एकटी. मी पैसे पाठवले तर तिला दुसऱ्याच्या शेतात जावं लागणार नाही, एवढाच माझा हिशेब. ठेकेदाराच्या ओळखीने मला एका सरकारी कार्यालयाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. तिथे फाटकावर बंदूकवाला उभा असतो आणि मोबाईल बाहेर ठेवून आत जावं लागतं. आत काय चालतं ते मला आजही माहीत नाही. मी फुलके लाटते. पास होता तो कच्चा, थोड्या थोड्या दिवसांनी वाढवून मिळणारा. दर वेळी तो वाढवून मिळेपर्यंत मी दिवसातून चारदा त्यावरची तारीख बघायची. मुळात मी अशीच आहे. घराला कुलूप लावून निघाले तरी गॅस बंद केला की नाही म्हणून कोपऱ्यावरून परत येणारी.

त्यातच चौकशीचा नवा कायदा आला. दाजींनी एका सकाळी तो पेपरातून मोठ्याने वाचून दाखवला. अशा कार्यालयांच्या आत जाणाऱ्या प्रत्येकाची, मग तो साहेब असो की झाडूवाला, नीट पडताळणी व्हायची, तरच पक्का पास. राहत्या पत्त्यावरही आणि गावच्या पत्त्यावरही. पोलिसाने ठाण्यात बसून दोन सह्या घ्यायच्या नाहीत, जाऊन बघायचं. आणि कुणाला नकार द्यायचा असेल तर आधी त्याला समोर बसवून त्याचं ऐकून घ्यायचं. दाजी म्हणाले, “चांगला कायदा आहे.” मला त्यातला ‘नकार’ एवढाच शब्द ऐकू आला होता. माझी भाची, इथेच वाढलेली, दप्तर भरता भरता म्हणाली, “मावशी, मतलब तुला जॉबवरून काढणार?” ताईने तिच्या पाठीत हलकीशी चापट दिली.

ठाण्यात या कायद्यावरून सगळे कुरकुरत होते म्हणे. पायपीट वाढली, कामं तुंबली. खूश होते ते फक्त दीवानजी. नंतर एकदा मला म्हणाले, “बाईसा, मैं तो शुरू से ऐसे ही घूमता था. सब कहते थे, बेकार में जूते घिसता है. अब सरकार भी घिसवा रही है.”

आमच्या गल्लीत ते आले तेव्हा मी वर सांगितल्याप्रमाणे खिडकीशी. समोर शर्माजींची बायको राहते. तिला त्यांनी हेच विचारलं असेल, चालचलन कशी, कोण येतं-जातं, असं मला वाटत होतं. संध्याकाळी ती स्वतःच सांगायला आली. दीवानजींनी विचारलं होतं, “बाहर जाते हो तो चाबी किसके यहाँ छोड़ते हो?” तिने आमच्या घराकडे बोट दाखवलं. “और बच्चा बीमार हो तो पहले किसको आवाज़ देते हो?” पुन्हा आमचंच घर. मग ते पाणी पिऊन उठले. त्यांचं म्हणणं असं होतं की, आदमी कैसा है असं विचारलं तर सगळे ‘अच्छा है’ म्हणतात. चांगला म्हणायला काही लागत नाही, किल्ली द्यायला भरवसा लागतो.

आमच्या घरी ते शेवटी आले. माझ्याकडे बघून म्हणाले, “आप काँप क्यों रही हैं? कुछ किया है क्या?” मी नाही म्हटलं. “तो फिर बैठ जाइए. जिन्होंने किया होता है, वो तो मुझे नाश्ता कराते हैं.” ताई पोह्यांची बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती तिथेच थबकली. दीवानजींनी बशी बघितली, हसले आणि म्हणाले, “आज ये भी चलेगा.”

जयपूरचं सुरळीत झालं. घोळ झाला तो गावाकडे.

आमच्या तालुक्याच्या ठाण्यातून एक शिपाई गावात गेला. आई त्या वेळी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मामाकडे होती, घराला कुलूप. त्याने समोर शेवंताकाकूंना विचारलं. आमच्याकडे पोलिसाने नाव घेतलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, माहीत नाही. त्यातून नाव मुलीचं, लग्न न झालेल्या. पोलीस पोरीला शोधत आला ही गोष्ट बाहेर गेली तर उद्या तिला स्थळ कोण सांगणार? काकूने एका दमात सांगून टाकलं, “आठे अशी कोनी पोर ऱ्हास नही.” इथे अशी कुणी मुलगी राहत नाही. शेजारच्या घरानेही तेच सांगितलं, त्याच्या पुढच्यानेही. पारावरच्या माणसांनी तर आमचं आडनावच कधी ऐकलं नव्हतं. सगळ्या गावाने मिळून मला वाचवलं. शिपायाने ऐकलं तसं लिहून पाठवलं की, या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही, पत्ता खोटा दिसतो.

मला ठाण्यात बोलावणं आलं. दाजी ड्यूटीवर होते, मी ताईबरोबर गेले. दीवानजींनी दोघींना बाकावर बसवलं आणि म्हणाले, “बाईसा, एक गड़बड़ है. आपके गाँव वाले कह रहे हैं कि आप हैं ही नहीं.”

ते थट्टेत म्हणाले असतील, पण मला त्यात थट्टा दिसली नाही. काम जाणार हे तर होतंच. खोटा पत्ता दिला म्हणून गुन्हा लागणार, तो दाजींच्या नोकरीपर्यंत पोचणार, आई पुन्हा दुसऱ्याच्या शेतात जाणार, असं सगळं मी त्या बाकावर बसल्या बसल्या बघून घेतलं. आतून ठाणेदारसाहेब म्हणाले, “दीवानजी, रिपोर्ट साफ है, मना लिखकर भेज दो. पीछे ढेर पड़ा है.”

दीवानजी दारापाशी गेले आणि त्याच हळू आवाजात म्हणाले, “साब, नए कानून में पहले सुनना है. सुन लूँ, फिर लिख दूँगा.”

साहेब म्हणाले, “आपका लाड़ला कानून है, आप ही निभाओ.”

घरच्यांची साक्ष चालत नाही, शेजारीच लागतात. दीवानजींनी माझ्याकडून शेवंताकाकूंचा नंबर घेतला आणि आपल्या फोनवरून लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. “जयपुर थाने से बोल रहे हैं,” एवढं म्हणताच काकू म्हणाली, “राँग नंबर.” फोन बंद. त्यांनी पुन्हा लावला आणि माझं नाव घेऊन विचारलं. काकूने आपल्या हिंदीत ठणकावलं, “हमारे गाँव में ऐसी लडकी पैदाच नहीं हुई.” पुन्हा बंद. बाजूचा एक शिपाई तोंड फिरवून हसायला लागला. मला मात्र रडू येत होतं. माझी सख्खी शेजारीण, जिच्या मांडीवर मी लहानाची मोठी झाले, ती मला पुसून टाकत होती.

दीवानजींनी आपला फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, “अब आप लगाइए. अपने फोन से. मैं नहीं बोलूँगा.”

माझा आवाज ऐकताच काकूचा सूरच पालटला. ती अहिराणीत बोलत होती, मी इथे मराठीत लिहिते. “बाई, कुठे आहेस तू? पोलीस येऊन गेला तुझ्यासाठी. आत्ता पुन्हा जयपूरहून फोन. आम्ही काही सांगितलं नाही बरं. तुझ्या आईलासुद्धा कळू दिलं नाही, तिच्या डोळ्यावर पट्टी आहे, रडली तर नासेल. तू थोडे दिवस लपून राहा.”

“क्या कह रही हैं?” दीवानजींनी खुणेने विचारलं.

“छुपकर रहने को कह रही है,” फोनवर हात ठेवून मी म्हटलं. ठाण्यात बसून असं वाक्य सांगायची वेळ कुणावर येऊ नये.

दीवानजींनी तोंडावर हात धरला. खांदे हलत होते. मग ते हळूच म्हणाले, “पूछिए, आपके घर की चाबी किसके पास है.”

मी विचारलं. काकू म्हणाली, “हे काय विचारणं झालं? माझ्याच कमरेला आहे. रोज सकाळी उघडून तुळशीला पाणी घालते, तुझ्या बापाच्या फोटोपुढे दिवा लावते.”

मी ते हिंदीत सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला, उरलेलं ताईने पुरं केलं. दीवानजींनी माझ्या हातातून फोन घेतला. “माँ सा, नाराज़ मत होना. मैं वही थाने वाला हूँ. बच्ची ने कुछ नहीं किया. इसकी पक्की नौकरी की जाँच है.”

 काकूने विचारलं, “तुमने उसको मारा तो नही?”

“नहीं, माँ सा. मेरे सामने बैठी है, चाय पी रही है.”

चहा आलेला नव्हता. दीवानजींनी शिपायाकडे बघितलं, तो चहा सांगायला पळाला.

“दूध ज्यास्ती डालना,” काकू म्हणाली. “काली चाय से उसको पित्त होता है.”

फोन ठेवल्यावर दीवानजी ठाणेदारसाहेबांकडे गेले. दार उघडंच होतं, सगळं आत ऐकू गेलं होतं. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, “लिखो, दोबारा जाँच हो.” मी तिथेच रडले. दीवानजी ताईला म्हणाले, “रोने दो. अभी तक साँस रोककर बैठी थी.”

दुसऱ्यांदा शिपाई गावात गेला तेव्हा दुसरीच तऱ्हा. काकूने गावभर सांगून ठेवलं होतं की पोरीच्या सरकारी नोकरीसाठी माणूस येणार आहे. त्याला चहा, वर शेव, वर जेवूनच जा म्हणून आग्रह. ज्यांनी आडनाव ऐकलं नव्हतं ते सांगायला लागले, आमच्या अंगाखांद्यावर वाढली हो. कागद जयपूरला आला तेव्हा दीवानजींनी मला हाक मारली. “पहले आप थीं ही नहीं. अब पूरा गाँव आपका मामा निकला है.”

पक्का पास गळ्यात घालून मी पहिल्यांदा फाटकातून गेले त्या दिवशी फुलके करताना मी गुणगुणत होते, असं बरोबरच्या बायका सांगतात. मला आठवत नाही. एवढं आठवतं की त्या संध्याकाळी भाजी आणायला निघाले तेव्हा मी कोपऱ्यावरून गॅस बघायला परत फिरले नाही.

पुढे एकदा कुठल्याशा कामासाठी दीवानजी आमच्या कार्यालयाच्या फाटकाशी आले. वर्दीत होते, तरी पास नाही म्हणून बंदूकवाल्याने अडवलं. निरोप आला तशी मी पदराला हात पुसत धावले. मला वाटलं रागावले असतील. ते तर बंदूकवाल्याची पाठ थोपटत होते. “शाबाश. मूँछें देखकर किसी को मत छोड़ना. मेरी भी जाँच होनी चाहिए, पता तो चले पड़ोसी क्या बोलते हैं.” मी म्हटलं, बाबूजी, शेजारी काय बोलतील? ते म्हणाले, “कहेंगे, दिन भर दूसरों की गली में रहता है, अपनी में दिखता ही नहीं.”

ते रिटायर झाले आणि सीकरकडे आपल्या गावी गेले. निरोपाला ताईने पुरणपोळ्या दिल्या होत्या. जाताना मी पाया पडले, त्यांचे आभार कसे मानावेत ते मला सुचेना. म्हटलं, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं? नेहमीच्या हळू आवाजात ते म्हणाले, “कुछ नहीं. कोई और सुन लेता.” हे खरं नव्हतं. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. पण माझ्यावर उपकाराचं ओझं राहू नये, म्हणून त्यांनी तसं म्हटलं असावं. आता सणावाराला फोन होतो. ते गावाकडच्या बाजरीबद्दल बोलतात, मी आईच्या डोळ्यांबद्दल.

गेल्या महिन्यात शर्माजींच्या वरच्या खोलीत एक नवी मुलगी राहायला आली. ईशान्येकडची कुठलीशी, दवाखान्यात नर्स. हिंदी जेमतेम. सकाळी लवकर जाते, उन्हं उतरल्यावर येते, एकदा माझ्याकडे मीठ मागायला आली होती. परवा दुपारी दारावर थाप पडली. बाहेर एक तरुण शिपाई, हातात फाईल, मोटरसायकल थेट दारात. सगळ्या गल्लीच्या खिडक्या किलकिल्या झालेल्या. “सामने ऊपर जो लड़की रहती है, उसको जानते हो?”

माझे हात कणकेचे होते. खरं सांगते, ‘नाही’ अगदी ओठांवर आलं होतं. कुणाच्या पोरीचं नाव पोलिसाच्या तोंडी कशाला, हे माझ्याही रक्तात आहेच.

मी दार पूर्ण उघडलं. म्हटलं, “हाँ भैया, जानती हूँ. अंदर आकर बैठो, आराम से बताती हूँ.”